कढत पाण्याचे गाव

बालमित्रांनो, गावाला जाताना तुम्ही बरोबर काय काय घेता? कपडे, दशम्या, पाण्याची बाटली, फार तर एखादी उशी. पण अख्खे घरच बरोबर घेऊन कोणी गावाला निघालेले पाहिले आहे का? गोगलगाय सोडून सांगा हं!

आम्ही निघालो होतो. माझी धाकटी बहीण अमेरिकेत, टेक्सास राज्यातल्या डॅलस शहरात राहते. मागच्या मार्चमध्ये मी आणि आई तिच्याकडे गेलो होतो. मुलांना शाळेची आठवड्याची सुट्टी लागली, तेव्हा मेहुण्यांनी एक भलीमोठी गाडी भाड्याने आणून दारात उभी केली. तिकडे अशा गाडीला ‘आर. व्ही.’ म्हणतात. बाहेरून पाहिले तर मिनीबस. दार उघडून आत गेलात की मात्र ओटा, शेगडी, फ्रीज, जेवायचे टेबल, झोपायच्या फळ्या, एवढेसे न्हाणीघर आणि संडाससुद्धा! आईने आत डोकावून पाहिले आणि म्हणाली, “अगं बाई, एस.टी.तच संसार मांडलाय की!”

या गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात, बरं का. एक चांगल्या पाण्याची, एक आंघोळीच्या आणि भांड्यांच्या सांडपाण्याची, आणि तिसरी संडासाची. पहिली रिकामी झाली की पाणी संपले, आणि दुसरी भरली की चांगले पाणी असूनही वापरता येत नाही, कारण सांडपाणी जाणार कुठे? त्यामुळे निघतानाच मेहुण्यांनी हुकूम काढला, “नळ सोडून ठेवायचा नाही. तांब्यात घ्यायचं, मग वापरायचं.” माझा तेरा वर्षांचा भाचा कुरकुरला. आई मात्र खूश झाली. तिचे लहानपण दुष्काळी गावात गेलेले. “मला नको शिकवू,” ती म्हणाली, “आम्ही तांब्याभर पाण्यात तोंड, हात, पाय सगळं धुवायचो.”

आम्ही चाललो होतो हॉट स्प्रिंग्ज नावाच्या गावाला. शेजारच्या आर्कान्सा राज्यात, डॅलसपासून साधारण तीनशे मैलांवर. नावाचा अर्थच ‘गरम झरे’. खरे कारण होते आईचे गुडघे. दोन वर्षे जिना चढणे म्हणजे तिला डोंगर झाला होता. लहानपणी ती एकदा वज्रेश्वरीच्या कुंडात आंघोळ करून आली होती, आणि त्या पाण्यावरचा तिचा विश्वास काही गेलेला नव्हता. “एकदा त्या पाण्यात पाय सोडून बसते, मग बघा,” असे ती रोज म्हणत होती.

वाटेत टेक्सारकाना लागले. या गावाची गंमत म्हणजे दोन राज्यांची हद्द गावाच्या मधूनच जाते. तिथले टपाल कार्यालय बरोबर हद्दीवर बांधलेले. नऊ वर्षांची भाची एक पाय टेक्सासात आणि एक पाय आर्कान्सात ठेवून फोटो काढून आली. पुढे सपाट प्रदेश संपला, झाडीचे डोंगर सुरू झाले. झाडांना अजून पाने नव्हती, पण मधेच एखादे झाड जांभळट गुलाबी फुलांनी भरलेले दिसे. ते रेडबड. आपल्याकडे पळस फुलतो ना, तसे पानांआधी फुलणारे झाड.

संध्याकाळी आम्ही गल्फा गॉर्ज नावाच्या घळीत पोचलो. घळीतून एक ओढा वाहतो आणि ओढ्याकाठी अशा घर-गाड्यांसाठी चाळीसेक जागा आखलेल्या आहेत. गाडी लावायची, विजेची तार जोडायची, पाण्याची नळी जोडायची, सांडपाण्याचा पाइप गटाराला लावायचा, की झाले घर उभे! आणि काय विचित्रपणा पाहा. गरम पाण्यासाठी जगप्रसिद्ध असलेल्या गावातल्या या तळावर आंघोळीची सोयच नाही. ज्याने त्याने आपापल्या गाडीत उरकायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात गेलो. तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? वाफाळणारी कुंडे, काठावर बसलेली माणसे, गंधकाचा वास? मीही नाकाला रुमाल लावायच्या तयारीने गेलो होतो. पण इथल्या पाण्याला वासही नाही आणि वेगळी चवही नाही. आणि कुंडे तर कुठेच दिसेनात! मुख्य रस्त्याच्या एका बाजूला डोंगर, पायथ्याशी एका ओळीत राजवाड्यासारख्या आठ इमारती, आणि डोंगरउतारावर ठिकठिकाणी हिरव्या झाकणांच्या पेट्या. या डोंगरात ४७ गरम झरे आहेत, पण पाणी घाण होऊ नये म्हणून त्यांतले बहुतेक या पेट्यांखाली बंद करून ठेवलेले आहेत. दोन झरे मुद्दाम लोकांना पाहण्यासाठी उघडे ठेवले आहेत. एका हिरवळीशेजारी मात्र गरम पाण्याचा छोटा धबधबा खडकावरून उतरतो, खाली वाफ उठत असते. उघड्यावर त्या पाण्यात उतरायला मनाई आहे. हात बुडवायला हरकत नाही.

भाचीने बोट घातले आणि “आई गं!” करून मागे घेतले. झऱ्यातून निघताना हे पाणी सुमारे ६२ अंश सेल्सिअस असते. आंघोळीसाठी ते थंड करून घ्यावे लागते.

आता तुम्ही विचाराल, एवढे पाणी तापवतो कोण? आम्हीही हेच विचारले. पसरट टोपी घातलेली एक रेंजर बाई, म्हणजे राष्ट्रीय उद्यानाची अधिकारी, तिथे लोकांना माहिती सांगत होती. भाच्याला वाटले होते की खाली ज्वालामुखी असणार. पण नाही! हे पाणी पावसाचेच आहे. आजूबाजूच्या डोंगरांवर पडलेला पाऊस खडकांच्या भेगांतून हळूहळू खाली झिरपतो. किती खाली? सहा ते आठ हजार फूट, म्हणजे दोन किलोमीटरच्या आसपास. पृथ्वीच्या पोटात जसजसे खोल जावे तसतशी उष्णता वाढते, त्यामुळे पाणी तापत जाते. मग खडकाला पडलेली मोठी चीर सापडली की ते झपाट्याने वर येते, इतके झपाट्याने की थंड व्हायला वेळच मिळत नाही. आपल्या कोकणात पालघरपासून राजापूरपर्यंत गरम पाण्याचे झरे आहेत, तेही असेच जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने तापतात.

पण खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. शास्त्रज्ञांनी या पाण्याचे वय मोजले. ते निघाले सुमारे ४,४०० वर्षे! म्हणजे आज ज्या पाण्याने भाचीचे बोट पोळले, तो पाऊस पडला तेव्हा हडप्पा आणि मोहेंजोदारोच्या रस्त्यांवर बैलगाड्या चालत होत्या. इजिप्तमधले गिझाचे मोठे पिरॅमिड तेव्हा नवेकोरे होते. आणि असे पाणी इथे दररोज सुमारे सात लाख गॅलन, म्हणजे २६ लाख लिटरांहून जास्त बाहेर पडते. तांब्याने मोजायला बसलात तर जन्म जाईल!

या झऱ्यांची माहिती गोऱ्या लोकांच्या आधी इथल्या मूळ रहिवाशांना होती. डोंगरात नोव्हाक्युलाइट नावाचा कठीण, गुळगुळीत दगड मिळतो. त्याची बाणांची टोके आणि हत्यारे ते बनवत. आजही चाकू-सुऱ्यांना धार लावायला हाच दगड वापरतात. १८०४ साली अध्यक्ष जेफरसन यांनी डनबार आणि हंटर या दोघांना हा मुलूख पाहायला पाठवले. त्यांना इथे झऱ्यांजवळ रिकाम्या झोपड्या सापडल्या, म्हणजे लोक आंघोळीला येऊन जात होतेच. १८१८ च्या करारात क्वापॉ लोकांना ही जमीन सोडावी लागली. पुढे १८३२ साली अमेरिकेच्या सरकारने हे झरे कोणा एकाच्या मालकीचे होऊ नयेत म्हणून राखून ठेवले. लक्षात घ्या, यलोस्टोन हे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले ते त्यानंतर चाळीस वर्षांनी, १८७२ मध्ये. हॉट स्प्रिंग्जला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला १९२१ साली.

मग आगगाड्या आल्या, हॉटेले आली, देशभरातून संधिवाताचे रोगी येऊ लागले. बेसबॉलचे संघ १८८६ पासून हंगामाआधी इथे सरावाला येत. दिवसभर धावायचे आणि संध्याकाळी गरम पाण्यात अंग शेकायचे. बेब रूथ हा बेसबॉलमधला नामांकित खेळाडूही इथे येऊन गेला. शिकागोचा कुप्रसिद्ध गुंड अल कपोनसुद्धा इथल्या हॉटेलात मुक्कामाला असे. अमेरिकेचे ४२ वे अध्यक्ष बिल क्लिंटन यांचे बालपण याच गावात गेले.

ज्या आठ इमारती मघाशी सांगितल्या, ती त्या काळातली स्नानगृहे. १८९२ ते १९२३ या काळात बांधलेली. त्यांतल्या बकस्टाफ नावाच्या स्नानगृहात १९१२ पासून आजपर्यंत आंघोळी चालूच आहेत. बहीण आणि आई तिकडे गेल्या. आम्ही मामा-भाचरे गेलो शेजारच्या फोर्डाइसमध्ये. हे सगळ्यांत मोठे. १९१५ साली सुरू झाले, १९६२ साली बंद पडले, आणि १९८९ पासून तिथे उद्यानाचे संग्रहालय आहे.

काय सांगू तुम्हाला! संगमरवरी भिंती, पितळी नळ, पुरुषांच्या दालनाला रंगीत काचांचे छत. तळघरात बोलिंगचा खेळ, वर व्यायामशाळा, गाण्याबजावण्याची खोली, खोलीत पियानो. एक पेटी अशी की माणूस आत बसला की फक्त डोके बाहेर आणि आत नुसती वाफ. एक फवारा असा की चारी बाजूंनी सुयांसारख्या धारा अंगावर येतात. आणि एक टब असा की त्यातल्या पाण्यात बारीक विजेचा प्रवाह सोडत! “बाप रे! हे औषध की शिक्षा?” भाचीने विचारले. थोड्या वेळाने तिनेच आणखी एक गोष्ट हेरली, “मामा, पुरुषांचं दालन केवढं मोठं, आणि बायकांचं एवढंसं का?” याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. म्हणजे होते, पण ते सांगायला लाज वाटली.

तेवढ्यात भाचा एका जुन्या फोटोसमोर थबकला. पांढऱ्या पोशाखातले काही लोक स्नानगृहात रांगेने उभे होते. सगळे काळे. त्या वाफेत, त्या दमट उकाड्यात दिवसभर उभे राहून टब भरायचे, गिऱ्हाइकांचे अंग चोळायचे, गरम टॉवेल गुंडाळायचे, हे काम त्यांचे. पिढ्यानपिढ्या हे काम बहुतेक काळ्या लोकांनीच केले.

“आणि काम संपल्यावर ते इथेच आंघोळ करायचे?” भाच्याने रेंजर बाईला विचारले.

ती म्हणाली, नाही. या ओळीतल्या स्नानगृहांत काळ्या माणसांना गिऱ्हाईक म्हणून प्रवेश नव्हता. ज्या टबात ते रोज पाणी भरत, त्या टबात त्यांना बसता येत नसे. मग त्यांनी आपली वेगळी स्नानगृहे उभी केली. पलीकडच्या माल्व्हर्न अ‍ॅव्हेन्यूवर १९०४ साली क्रिस्टल नावाचे स्नानगृह निघाले. १९१३ च्या मोठ्या आगीत ते जळाले. त्याच जागी पुढच्या वर्षी पिथियन स्नानगृह उभे राहिले आणि ते १९७४ पर्यंत चालले. तिथे नळाला येणारे पाणी कोणते होते? याच डोंगरातले. पाऊस तोच, झरे तेच, पाणी तेच. फक्त दार वेगळे. माणसामाणसांत असा भेद करण्याला कायद्याने बंदी आली ती १९६४ साली.

भाचा गप्प झाला. बाहेर येऊन बाकावर बसलो तरी बोलेना.

एवढ्यात बकस्टाफमधून आई आली. गाल लाल झालेले, चेहरा खुललेला. “काय सांगू, त्या बाईनं मला चादरीत गुंडाळून अगदी तान्ह्या बाळासारखं हाताला धरून नेलं. टबात बसवलं, गुडघ्याला गरम घड्या लावल्या. आईनंतर असं मला कोणी न्हाऊ घातलं नव्हतं!” मग तिचे लक्ष नातवाकडे गेले. “आणि तुला रे काय झालं?”

त्याने सगळे सांगितले. शेवटी म्हणाला, “आजी, ज्यांनी दुसऱ्यांना आंघोळ घातली त्यांनाच पाण्यात येऊ दिलं नाही. असं कसं कोणी करू शकतं?”

मला वाटले, आई म्हणेल, हो ना रे, काय ही माणसं! पण ती बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, “आमच्या गावातही होतं रे असं. विहिरीवर काही लोकांना चढू देत नसत. त्यांनी खाली घागर घेऊन उभं राहायचं, आणि कोणी वरून पाणी ओतलं तर घ्यायचं. त्यांतली एक बाई आमचं अंगण झाडायची. मी तुझ्या बहिणीएवढी होते. मीसुद्धा वरून ओतलंय. घागरीला घागर लागू न देता, असं लांबून. अर्धं पाणी मातीत जायचं. त्यात काही चूक आहे असं मला तेव्हा वाटलंसुद्धा नाही.”

मित्रांनो, मी पन्नाशीचा झालो, पण आईच्या तोंडून ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती.

मग मी भाच्याला महाडची गोष्ट सांगितली. तुम्हाला ती शाळेत असेलच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव आधीच केला होता, पण कागदावरचा ठराव काठापर्यंत पोचला नव्हता. पुढे दहा वर्षे कोर्टात भांडावे लागले, तेव्हा १९३७ साली उच्च न्यायालयाने निकाल दिला. भाच्याने विचारले, “एक ओंजळ पाण्यासाठी दहा वर्षं?” मी म्हणालो, “एका ओंजळीसाठी नाही रे. काठावर उभं राहण्यासाठी.”

दुपारी त्या ओळीतून पुन्हा एकदा चक्कर मारली. औषधे सुधारली तशी या स्नानगृहांची गरज सरली. मॉरिस नावाच्या स्नानगृहात १९३१ साली पोलिओसारख्या आजारांच्या रोग्यांसाठी खास तलाव बांधला होता. १९५५ साली पोलिओची लस आली. लोक टबाऐवजी दवाखान्याकडे वळले. एकेक दार बंद होत गेले आणि १९८५ नंतर एकटे बकस्टाफ चालू राहिले. आता काही इमारतींना नवा जन्म मिळाला आहे. एकीत दुकान, एकीत छोटे हॉटेल, क्वापॉ नावाच्या इमारतीत २००८ पासून पुन्हा गरम पाण्याचे तलाव.

आणि आईचे गुडघे? तुम्ही विचारणार हे ठाऊक होते मला. दोन दिवस तिला फार बरे वाटले. जिना चढताना तिने कठडासुद्धा धरला नाही. तिसऱ्या दिवशी दुखणे परत आले. गरम पाण्याने सांधे मोकळे होतात, आराम वाटतो, पण झिजलेला गुडघा त्याने भरून येत नाही. चार हजार वर्षांच्या पाण्यालाही ते जमत नाही! तिने मुकाट्याने डॉक्टरांच्या गोळ्या आणि व्यायाम पुन्हा सुरू केले.

निघायच्या सकाळी गावात एक गोष्ट मात्र पाहण्यासारखी होती. रस्त्याच्या कडेला गरम पाण्याचे सार्वजनिक नळ आहेत. कोणीही यावे, भरून न्यावे, पैसे नाहीत. लोक मोटारी थांबवून कॅन भरत होते. गोरे, काळे, मेक्सिकन, एक शीख आजोबा, आणि नऊवारी नसली तरी पाचवारीतली माझी आई. तिच्या पुढे एक काळ्या वर्णाच्या म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांचा कॅन भरला, पण उचलवेना. आई पुढे झाली. गुडघे विसरून वाकली, आणि दोघींनी मिळून कॅन उचलून मोटारीत ठेवला. त्या बाई इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या, आई मराठीत काहीतरी म्हणाली, आणि दोघीही हसल्या. गाडीत बसल्यावर भाच्याने विचारले, “आजी, काय म्हणालीस?” आई म्हणाली, “काही नाही. जपून जा म्हटलं. पाणी सांडू देऊ नका.”

तळावर परतून मेहुण्यांनी सांडपाण्याची टाकी रिकामी केली, नळी गुंडाळली, तार काढली. आमचे घर पुन्हा रस्त्याला लागले. परतीच्या वाटेवर भाच्याने नळ एकदाही मोकळा सोडला नाही. कोणी सांगितले नव्हते.

तर बालमित्रांनो, या सुट्टीत एक काम करा. तुमच्या आजी-आजोबांना विचारा : तुमच्या लहानपणी गावात पाणी कुठून यायचे? विहिरीवर कोण चढायचे आणि खाली कोण उभे राहायचे? उत्तर ऐकायला कदाचित अवघड वाटेल. तरी विचारा. आणि ते काय म्हणाले, ते आम्हाला पत्राने जरूर कळवा.